हजेरीपुस्तकातल्या फुलीपासून कामावर परतण्यापर्यंत: सोलापुरातील लहान-मध्यम कारखान्यांसाठी व्यावसायिक आरोग्य आणि अपंगत्व व्यवस्थापन

यंत्रमागाच्या कारखान्यात माग का थांबला, असे विचारले तर बहुधा तीनच उत्तरे मिळतात: सूत आले नाही, वीज गेली, माणूस आला नाही. पहिल्या दोन कारणांचा कागद कुठे ना कुठे असतो. तिसऱ्या कारणापुढे हजेरीपुस्तकात फक्त एक फुली असते, आणि ती फुली खांदा धरल्याची, छाती भरल्याची, घरच्या लग्नाची की शेजारच्या कारखान्यात जास्त दर मिळाल्याची, हे महिनाअखेरीस कोणालाच सांगता येत नाही. मजूर मिळत नाहीत, ही सोलापुरातली नेहमीची तक्रार खरीच आहे. परंतु जे मजूर आधीच आपल्याकडे आहेत, त्यांचे किती दिवस आजारपणात आणि दुखापतीत जातात, आणि दुखापतीनंतर त्यांतले किती जण पुन्हा आपल्याच मागावर उभे राहतात, याचा हिशेब फार थोड्या ठिकाणी ठेवला जातो.

हा लेख अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत, अथवा पूर्व भागातल्या गल्लीत, वीस ते शंभर माणसांवर चादर, टॉवेल किंवा गणवेशाचा कारखाना चालवणाऱ्या मालकासाठी आणि व्यवस्थापकासाठी आहे. अशा ठिकाणी स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी नसतो. हजेरी, पगार, बँक आणि तक्रारी एकच माणूस सांभाळतो. म्हणून येथे सांगितलेल्या पायऱ्या त्या एका माणसाला झेपतील अशाच ठेवल्या आहेत. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली, आणि तेव्हापासूनचे कसब बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे आले आहे. जेकॉर्डवर (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) नक्षीचा दोष आवाजावरून ओळखणारा कामगार जाहिरात देऊन मिळत नाही. तो टिकवणे हाच उत्पादकता वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: फुलीला कारण जोडणे

हजेरीपुस्तकात एक रकाना वाढवावा आणि गैरहजेरीला पाच अक्षरांपैकी एक अक्षर द्यावे: कामावरची दुखापत, इतर आजार, घरातले आजारपण, सामाजिक कारण आणि अज्ञात. आजाराचे नाव लिहू नये; ते मालकाला कळण्याची गरज नसते, आणि ते पुस्तकात आले की चहाच्या टपरीवर पोहोचायला वेळ लागत नाही. तीन महिने ही नोंद इमाने ठेवली, की पुढचा हिशेब करता येतो.

समजा, चाळीस कामगार आहेत आणि महिन्यात सव्वीस कामाचे दिवस आहेत. म्हणजे एकूण १,०४० मनुष्यदिवस झाले. त्यांपैकी आजार आणि दुखापत मिळून ६२ दिवस बुडाले, तर गैरहजेरीचे प्रमाण सुमारे ६ टक्के येते. हा आकडा मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: हे ६२ दिवस किती जणांचे आहेत? पुष्कळदा असे दिसते, की त्यांतले तीस-पस्तीस दिवस दोघा-तिघांचेच असतात आणि उरलेले एकेक-दोनदोन दिवसांचे तुकडे असतात. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. तुकड्यांवर उपाय कारखान्याच्या आत सापडतो, म्हणजे धूळ, उष्णता, पाणी, बसण्याची रीत यांत. लांबलेल्या गैरहजेरीवर उपाय त्या माणसाशी बोलण्यात आणि त्याच्या परतण्याची सोय करण्यात असतो. दोन्ही एकाच मापाने मोजून ‘हल्ली कामगारांना कामच नको’ असा निष्कर्ष काढला, तर दोन्ही उपाय हातचे जातात.

किंमत काढताना फक्त बुडालेली मजुरी धरू नये, कारण तुकड्यावर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, काम असेल तर ती मालकाला द्यावीच लागत नाही आणि म्हणून नुकसान शून्य वाटते. थांबलेल्या मागाचा त्या पाळीतला नफा, बदली कामगाराच्या हातून निघालेला दुय्यम प्रतीचा माल, जादा पाळीचा दर आणि उशिरा गेलेल्या ऑर्डरवरची कपात, या चार गोष्टी जोडाव्यात.

दुसरी पायरी: पाळी चालू असताना कारखान्यातून फिरणे

धोक्यांची यादी कार्यालयात बसून होत नाही. मालक, जॉबर (मागांची जुळवणी-दुरुस्ती पाहणारा कारागीर) आणि कामगारांनीच निवडलेला एक जण, अशा तिघांनी चालू पाळीत फेरी मारावी आणि प्रत्येक कामापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: पाळी संपताना शरीराचा कोणता भाग दुखतो? उत्तरे मराठीत येतील तशीच तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूतही येतील. म्हणून सोबतच्या तिघांपैकी एकाला तरी बहुसंख्य कामगारांची भाषा अस्खलित यावी, आणि पुढे लागणाऱ्या सूचनाही त्या भाषांत लावाव्यात. केवळ मराठी किंवा इंग्रजी पाटी ही सोलापुरात अर्धवट पाटी आहे.

आवाजापासून सुरुवात करावी, कारण त्याची सर्वांना सवय झालेली असते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असे समजावे. धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या ठोकळ्याच्या) मागांच्या शेडमध्ये तो सहज ९५ च्या पुढे जातो. आपल्याकडील कारखाना-नियमांच्या मापाने आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे. ९५ ला ती चार तासांवर येते आणि १०० ला दोन तासांवर. दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते: सारख्याच आवाजाचे निम्मे माग बंद केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. त्यामुळे ‘आज माग कमी चालू आहेत’ म्हणून कानाला विश्रांती मिळत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय नकाशात आहे. कांडी (धोट्यात बसणारी सुताची लहान नळी) भरणाऱ्या स्त्रिया अनेक कारखान्यांत मागांच्या ओळीतच बसतात, कारण कांड्या हाताशी लागतात. त्यांच्या कामाला मागाचा आवाज लागत नाही. त्यांची जागा भिंतीपलीकडे नेऊन कांड्यांची टोपली नेण्या-आणण्याची सोय केली, तर एका दिवसात पाच-दहा जणींचे कान त्या आवाजातून सुटतात. जे मागावरच उभे आहेत, त्यांना कानात घालायच्या फोमच्या बोळ्या द्याव्यात आणि त्या घालायला शिकवाव्यात: बोळी बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळी आत सारून ती फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. हे न शिकवता वाटलेल्या बोळ्या कानाच्या तोंडाशी लोंबतात आणि काही उपयोग होत नाही.

धुळीचे स्वरूप वेगळे आहे. कच्च्या सुताच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या श्वसनविकाराची खूण अशी, की साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरकत जातो तसे बरे वाटू लागते. कामगार त्याला सुट्टीचा आळस समजतो, मालक सुट्टीच्या दिवशीची दारू समजतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी जिना चढताना दम लागेपर्यंत कोणी विचारत नाही. छताच्या कैच्यांवर साचलेला भुरा उतरवण्यासाठी दाबाच्या हवेची नळी मारणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे. त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा प्रत्येकाच्या नाकाशी येते. ओढून घेणारे व्हॅक्यूम यंत्र वापरावे, आणि ते परवडत नसेल तर सफाई पाळी संपल्यावर, मागावर कोणी नसताना आणि सफाई करणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क असताना करावी. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. दिवसभर घट्ट मास्क लावणेही मे महिन्यात शक्य नसते, हे प्रामाणिकपणे मान्य करून धूळ उगमापाशीच कमी करण्यावर पैसा घालावा.

माग आणि शिलाई यंत्रांच्या पट्ट्या व पुल्यांवर जाळी असणे, धोटा उडू नये म्हणून अडणी लावलेली असणे, आणि चालू यंत्रात हात घालून भुरा काढण्याची सवय बंद करणे, या तीन गोष्टींबद्दल चर्चा करण्यासारखे काही नाही. त्या त्याच आठवड्यात कराव्यात.

उष्णतेबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागेल. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढे राहतो, वर पत्रा तापतो, आणि धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली असते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणजे धाग्याला जे मानवते तेच माणसाला जाचते. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग, छतावर वाऱ्याने फिरणारे पंखे आणि पाळीची वेळ सकाळी अलीकडे सरकवणे, हे उपाय करावेत. पिण्याचे पाणी शेडच्या टोकाला नव्हे, तर प्रत्येक ओळीत हाताशी हवे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यायला मुकादमाने स्वतः थांबवले पाहिजे. तुकड्यावर काम करणारा माणूस आपणहून थांबत नाही. घरच्या लग्नासाठी तेलंगणात किंवा कर्नाटकात पंधरा-वीस दिवस जाऊन मेमध्ये परतलेल्या जुन्या कामगाराचीही उष्णतेची सवय मोडलेली असते. त्याला पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी साठ, तिसऱ्या दिवशी ऐंशी टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी वीस टक्क्यांपासून सुरुवात करून रोज वीस टक्के वाढवावे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने ठरवलेला हा क्रम आपल्या हवेलाही लागू पडतो.

त्याच संस्थेच्या मापाने, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायचे वजन २३ किलोपर्यंतच सुरक्षित धरले जाते. सुताची गोणी आणि भरलेला बीम (ताण्याचा रूळ) याच्या कितीतरी पुढे जातात. बीमसाठी चाकांची गाडी आणि गोणीसाठी दोन माणसे, एवढे तरी ठरवून टाकावे.

तिसरी पायरी: आरोग्य तपासणी, पण कामाशी जोडलेली

वर्षातून एकदा मंडप घालून रक्तदाब आणि साखर मोजण्याची शिबिरे भरतात, छायाचित्रे निघतात आणि चिठ्ठ्या खिशात विरून जातात. साखर व रक्तदाब तपासणे गरजेचे आहेच, आणि मावा-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाची तपासणीही तितकीच गरजेची आहे. परंतु व्यावसायिक तपासणीचा हेतू वेगळा असतो: या माणसाला या कामाने काय होत आहे, हे पाहणे.

त्यामुळे मागावरच्या प्रत्येकाची श्रवणचाचणी कामाला लागताना एकदा आणि नंतर दरवर्षी व्हावी. ती पाळी सुरू होण्याआधी, आवाजापासून किमान चौदा तास दूर राहिल्यानंतर करावी. पाळी संपताच केली तर तात्पुरता बहिरेपणा आकड्यांत मिसळतो आणि चाचणी वाया जाते. आवाजाने झालेली हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या जवळ प्रथम दिसते, तेव्हा साध्या बोलण्यात काहीच फरक जाणवत नसतो. सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांची फुंकण्याची चाचणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा करावी. पहिल्या सेकंदात सोडलेल्या श्वासाचे माप पाळीअखेर पाच टक्क्यांनी किंवा २०० मिलिलिटरने उतरले, तर त्या माणसाला धुळीपासून दूर हलवून डॉक्टरांकडे पाठवावे.

डोळ्यांकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि उत्पादनाशी थेट नाते मात्र त्यांचेच आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील कामगारांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळचे दिसण्याचा साधा चष्मा ज्यांना दिला, त्यांची पानतोडणी चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. फणीतून ताण्याचे धागे ओवणारा, शिलाई यंत्रावर बारीक टीप घालणारी आणि तयार मालातला दोष शोधणारा, या तिघांचे काम पानतोडणीपेक्षा कितीतरी अधिक डोळ्यांचे आहे. कारखान्यातल्या चाळिशीपुढील प्रत्येकाला जवळचा चष्मा देण्याचा खर्च एका मागाच्या दुरुस्तीपेक्षा कमी येतो. माझ्या हाती एकच उपाय करण्याइतके पैसे असते, तर मी हा केला असता.

तपासणीचा सविस्तर अहवाल डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहावा. मालकाला तीनपैकी एकच वाक्य मिळावे: कामास योग्य, अमुक बदलासह योग्य, किंवा सध्या अयोग्य. हा भरवसा नसेल तर पुढच्या वर्षी तपासणीला निम्मी माणसे येणार नाहीत, आणि जी येतील ती खोकला दाबून येतील.

चौथी पायरी: दुखापतीचा पहिला तास

प्रथमोपचाराची पेटी कुलपात आणि किल्ली मालकाच्या घरी, असा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. पेटी उघडी असावी, तिचा सांभाळ प्रत्येक पाळीतल्या एका प्रशिक्षित माणसाकडे असावा, आणि रुग्णालयात नेण्यासाठी कोणती गाडी, कोण सोबत जाईल, हे आधीच भिंतीवर लिहिलेले असावे. बोट तुटून वेगळे झाले, तर ते स्वच्छ पाण्याने धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात आणि जोडण्याची शक्यता संपते. या सूचना चित्रासह पेटीच्या झाकणावर चिकटवावीत.

अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाला (कामगार विम्याला) कळवावी. घाबरून नोंद टाळली, ‘घरी पडला’ असे लिहून घेतले, तर पुढे कामगाराचा हक्क बुडतो आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर मालकाची बाजूही उभी राहत नाही.

पाचवी पायरी: विमा काय देतो, ते दोघांनाही ठाऊक असणे

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कामगार विमा लागू होतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. पंधरा हजारांच्या वेतनावर हे सुमारे ४८८ आणि ११३ रुपये होतात. हा खर्च वाचवण्यासाठी निम्मी माणसे कागदावर न दाखवण्याची रीत जुनी आहे, पण एका हाताच्या अपघातात तिची अनेक वर्षांची बचत निघून जाते.

त्या बदल्यात मिळते ते असे. साध्या आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. क्षयरोगासारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. कामावरच्या दुखापतीने तात्पुरते अपंगत्व आले, तर बरे होईपर्यंत ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी आधीच्या वर्गणीची अट नाही. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे. कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते. अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के, अशी मापे कायद्याच्या परिशिष्टात ठरलेली आहेत. जे विम्याच्या मर्यादेबाहेर आहेत, त्यांची भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेतील भरपाईच्या तरतुदींनुसार थेट मालकावर येते.

आजाराचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास १९४८ च्या विमा कायद्याने मनाई केली होती, हेही मुकादमाच्या कानावर घालावे, कारण ‘आता येऊ नकोस’ हे वाक्य बहुधा तोच बोलून जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत. अर्जांचे नमुने आणि कारखान्याची व्याख्या यांबाबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात एकदा जाऊन खात्री करून घ्यावी.

सहावी पायरी: परतण्याची वाट

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते आणि सगळ्यात कमी विचारही याच टप्प्याचा होतो. माणूस जितके दिवस घरी, तितके परतणे अवघड. हात बरा होतो पण लय गेलेली असते, जागेवर दुसरा आलेला असतो, आणि आपण आता नकोसे झालो आहोत ही समजूत पक्की झालेली असते.

पहिल्या तीन दिवसांत मालकाने किंवा जॉबरने स्वतः फोन करावा, शक्य तर घरी जावे. त्या बोलण्यात ‘कधी येणार’ हा प्रश्न नसावा. “अण्णा, हात कसा आहे? टाके कधी काढणार? तुमचा माग दुसऱ्याला तात्पुरता दिलाय, तुम्ही आल्यावर तुमचाच.” एवढे पुरते. त्यानंतर दर आठवड्याला एक फोन, तोही ठरावीक माणसाचाच. पाठदुखीच्या बाबतीत तर हे बोलणे औषधासारखे आहे, कारण साध्या पाठदुखीत दीर्घ काळ पडून राहण्याने दुखणे लांबते आणि झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवण्याने ते लवकर निवळते. कामगाराला मात्र शेजारीपाजारी ‘हलूच नका’ असे सांगत असतात.

दरम्यान कारखान्यात एक कागद तयार करावा. त्यावर प्रत्येक कामाचा शरीराच्या भाषेतला तपशील असावा: किती वेळ उभे राहावे लागते, किती वजन किती वेळा उचलावे लागते, दोन्ही हात लागतात का, बारीक पकड लागते का, आवाज आणि धूळ किती. हा कागद एकदाच करावा लागतो. तो कामगारासोबत डॉक्टरांकडे पाठवला, की डॉक्टर ‘विश्रांती’ एवढेच न लिहिता ‘दोन आठवडे उजव्या हाताने पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये, बाकी काम चालेल’ असे लिहू शकतात. डॉक्टरांनी माग पाहिलेला नसतो. त्यांना माहिती दिली नाही तर ते सावध भूमिकाच घेणार.

समजा, शेहेचाळीस वर्षांच्या एका जॉबरच्या उजव्या तर्जनीला जबर इजा झाली आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बदलासह कामाची परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात त्याला रोज चार तास तयार मालाच्या तपासणीवर बसवावे. दुसऱ्या आठवड्यात सहा तास, त्यांतले दोन तास नव्या मुलाला मागाची जुळवणी तोंडी शिकवण्याचे. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण पाळी, पण पान्याने नट-बोल्ट आवळण्याचे काम त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने करायचे. चौथ्या आठवड्यात स्वतःच्या मागांपैकी निम्मे. दर शनिवारी पाच मिनिटे बसून दुखते का, सूज येते का, काय जमले नाही, हे विचारून पुढचा आठवडा ठरवावा, आणि गरज पडली तर एक पायरी मागे यावे. शेवटची तारीखही आधीच ठरलेली हवी; हलके काम अनिश्चित काळ चालले की सहकारी कुरकुरतात आणि त्या माणसालाही ते लाचारीचे वाटू लागते.

येथे तुकड्याच्या दराची अडचण येते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. तपासणीच्या कामावर रोजचा दर कमी असेल, तर जॉबर एक तर घरीच थांबेल किंवा दुखणे लपवून थेट मागावर येईल. ज्या दिवसाची मजुरी घेतली त्या दिवसाचा विम्याचा भत्ता मिळत नाही, त्यामुळे अर्धवेळ कामाच्या आठवड्यांत त्याचे दोन्हीकडून नुकसान होते. यावर माझ्या अनुभवाने एकच व्यवहार्य तोड आहे: हलक्या कामाच्या ठरलेल्या आठवड्यांत त्याला आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतकी मजुरी द्यावी. चार आठवड्यांचा हा फरक आणि नवा जॉबर तयार करायला लागणारी दोन वर्षे, यांची तुलना मालकाने स्वतः कागदावर करावी.

क्षयरोगाच्या कामगाराबाबत भीती जास्त असते. योग्य उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासूनचा संसर्गाचा धोका खूप घटतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला कामावर घ्यावे, आणि सहा महिन्यांच्या औषधाचा एकही दिवस चुकणार नाही अशी पाळी लावावी. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही.

कायमचे अपंगत्व राहिले तर

बोट गेलेला विणकर, ऐकू कमी येणारा मागवाला किंवा पाय अधू झालेला शिंपी यांना फाटकावर राखणदार म्हणून बसवणे हा आपल्याकडे दयाळूपणा समजला जातो. पगार चालू राहतो हे खरे, पण वीस वर्षांचे कसब त्या स्टुलावर वाया जाते. आधी त्याच कामात बदल करून पाहावा, मग त्याच विभागातले दुसरे काम, मग दुसरा विभाग. फाटक सर्वांत शेवटी.

बदल बहुधा लहान असतात. ऐकू न येणाऱ्यासाठी मागावर थांबल्याची खूण देणारा दिवा आणि धोक्याच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा लाल दिवा. पाय अधू असलेल्या शिंप्यासाठी पायपट्टीची जागा बदललेले यंत्र आणि उंची कमी-जास्त होणारी खुर्ची. पकड सैल झालेल्या हातासाठी जाड मुठीची कात्री आणि पाना. त्या माणसालाच विचारले तर निम्मे उपाय तोच सांगतो, आणि तेही फुकटात.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि अनेक लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची मर्यादा आहे. खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण प्रसिद्ध करावे, अशी त्यात अट आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास दिव्यांगांसाठी योग्य पदे व सोयी त्यात नोंदवून एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. दोन पानांचे असे धोरण सूचनाफलकावर लावायला एक दुपार लागते. कामगाराला स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर दिव्यांग ओळखपत्र मिळते. तो अर्ज कार्यालयातल्या संगणकावरून भरून देणे एवढी मदत मालकाने करावी.

घरी वळल्या जाणाऱ्या विड्या

सोलापुरातल्या हजारो स्त्रियांचा कारखाना म्हणजे मांडीवरचे सूप. तेथे वरच्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा लागू होत नाहीत, परंतु विडी कंपनीच्या माल घेणाऱ्या शाखेला काही गोष्टी सहज करता येतात: पाठीला टेकण मिळेल असे बुटके आसन आणि सूप ठेवायला छोटी चौकी, विडी वळताना दार-खिडकी उघडी ठेवण्याची आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्याची आठवण, तंबाखू निजण्याच्या खोलीत व लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी न ठेवण्याची सूचना. निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते, त्यामुळे मळमळ आणि चक्कर हे ‘उपाशीपोटी बसल्याने’ होते असे समजून सोडून देऊ नये. माल देण्याच्या दिवशी रांगेत दोन तास उभे राहावे लागत असेल, तर टोकन देऊन बसायला बाकडी ठेवावीत. त्या दोन तासांचीही मजुरी त्या अक्कांना कोणी देत नाही.

सुरुवात कोठून

पहिल्या आठवड्यात हजेरीपुस्तकातला रकाना आणि यंत्रांच्या जाळ्या. पहिल्या महिन्यात फेरी, कांडी विभागाची हलवाहलव, जवळचे चष्मे आणि विम्यातून सुटलेल्या माणसांची नोंदणी. दुसऱ्या महिन्यात श्रवण आणि श्वासाच्या चाचण्या, कामांच्या तपशिलाचा कागद. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जॉबर आणि कामगारांच्या प्रतिनिधीला समोर बसवून चार आकडे पाहावेत: गैरहजेरीचे प्रमाण, एका गैरहजेरीचे सरासरी दिवस, दुखापतीनंतर परत आलेल्यांची संख्या, आणि परत आल्यावर सहा महिन्यांनीही टिकलेल्यांची संख्या. चौथा आकडा भरायला अर्थातच वेळ लागेल. त्याचा रकाना मात्र आजच आखून ठेवावा.